समोर बसणारा

‘बघतो,’ मी म्हणालो.

मूर्ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा एक डोळा माझ्यावर होता आणि दुसरा माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे लागला होता. फरक तिळाएवढाही नसेल, पण बारा वर्षं गणपतीच्या कारखान्यात घालवलेल्या माणसाला तेवढा पुरतो. काशिनाथने मान तिरकी करून विचारलं, ‘नक्की?’ मी म्हणालो, ‘नक्की. घे पुढची.’

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. पेणच्या बाजूला आमचं गाव. तिथे आबा केळसकरांचा कारखाना होता आणि श्रावण तोंडावर आला होता. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं वीस-पंचवीस माणसं करायची. डोळ्यांची आखणी मात्र एकटा काशिनाथ घरत करायचा. आखणी झाली की मूर्ती चौरंगावर ठेवायची, आणि चतुर्थीला यजमान जिथे बसेल तिथे एका माणसाने खाली मांडी घालून बसायचं. देव आपल्याकडे बघतोय असं वाटलं तर त्याने म्हणायचं ‘बघतो’. नाही वाटलं तर ‘नाही’. ‘नाही’ म्हटलं की काशिनाथ रंग ओला असतानाच बोळ्याने पुसून पुन्हा आखायचा. ‘बघतो’ म्हटलं की मूर्ती कागदात गुंडाळून मागच्या खोलीत. ही आबांच्या वडिलांपासूनची रीत. समोर बसणारा तो माणूस मी, हरेश्वर म्हात्रे.

मी समोर बसणारा कसा झालो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

काशिनाथला कारखान्यात आणला मी. माझ्या सायकलवर डबलसीट बसून आला होता. कुंचला कसा धरायचा, किती बुडवायचा, कोरडा किती करायचा, हे मी त्याला दाखवलं. आबांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी एक दिवस आम्हा दोघांना एकेक मूर्ती दिली आणि म्हणाले, डोळे करा. ते समोर पाय पसरून विडी ओढत बसले. माझे डोळे झाले तेव्हा म्हणाले, ‘छान आहेत रे.’ काशिनाथचे झाले तेव्हा काहीच बोलले नाहीत. त्यांनी विडी विझवली आणि पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. देवासमोर कोणी पाय पसरून बसत नाही.

झालं. तेव्हापासून कुंचला काशिनाथकडे आणि मी जमिनीवर. ‘तुला नजर कळते,’ आबा मला म्हणाले, ‘फक्त हातात येत नाही.’ त्यांना वाटलं आपण याचं कौतुक केलं. मी आठ वर्षं रोज त्या माणसासमोर मांडी घालून बसलो आणि ‘बघतो, बघतो’ म्हणत राहिलो. गिऱ्हाइकं यायची, ‘आखणी कोणाची?’ विचारायची आणि काशिनाथकडे बघायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी बायकोवर चिडायचो. आणि दुपारी त्याच काशिनाथबरोबर एका डब्यातून जेवायचो, कारण तो माझा मित्र होता आणि त्याच्यासारखा दुसरा मित्र मला नव्हता. हे दोन्ही एका माणसाच्या पोटात राहतं. मी राहू दिलं आहे.

त्या वर्षी आषाढात सगळ्या कारखान्याला खोकला-ताप आला. एक उठला की दुसरा आडवा. काशिनाथ आठ दिवस घरी होता; सगळेच आडवे, त्यामुळे तेवढे दिवस आखणीही बंद होती. खोकून खोकून बरगड्या दुखतात म्हणायचा. मग बरा झाला, कामावर आला, आणि पंधरवड्याने एका सोमवारी ती मूर्ती अशी निघाली.

पहिल्या मूर्तीला माझ्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं. खोटं कशाला सांगू, आलं होतं. पण आठ वर्षांत मी त्याला फार तर दहा वेळा ‘नाही’ म्हटलं असेल, आणि त्या क्षणी मला एकदम सुचलं की म्हणायचंच कशाला. जाऊ दे बाहेर. बघू दे लोकांना. मी ‘बघतो’ म्हणालो आणि छातीत काहीतरी थंडगार झालं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

त्या दिवशी सात मूर्ती चुकल्या. मंगळवारी पंधरा. बुधवारी तो काम करताना एक डोळा मिटून घेऊ लागला. मी विचारलं तर म्हणाला, रंगाचा वास चढतोय. गुरुवारी सायकलवरून दोनदा पडता पडता राहिला आणि म्हणाला, आज चालतच जाऊ. रस्त्याने तो पाय रुंद टाकत, शेताच्या बांधावरून चालल्यासारखा चालत होता. माझ्या लक्षात येत होतं. मी काय डॉक्टर नव्हतो, पण काहीतरी बिघडलं आहे एवढं समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी रोज समोर बसत होतो आणि साळसूदपणे ‘बघतो’ म्हणत होतो. संध्याकाळी घरी मी जुन्या फुटक्या मूर्तींवर डोळ्यांचा सराव करू लागलो होतो. यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी पेणचे एक निवृत्त मास्तर आपली मूर्ती बघायला आले. त्यांच्याकडे तीन पिढ्या आबांकडचाच गणपती. आबांनी मोठ्या मानाने कागद सोडला. मास्तर खाली बसले, थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘आबा, हा माझ्याकडे बघत नाही हो.’

आबांनी स्वतः बसून बघितलं. मग मागच्या खोलीतून दुसरी मूर्ती मागवली, तिसरी मागवली. वीसेक कागद सोडले. आबांनी काशिनाथला हाक मारली. तो उठला, तोल गेला आणि फळीवर आदळला. एका मूर्तीचा वरदहस्त मनगटातून तुटून खाली पडला. काशिनाथ काहीतरी सांगू लागला, पण शब्द जड आणि नाकातून येत होते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

काशिनाथ मधली दोन वर्षं दारू प्यायचा. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्याने गणपतीच्या पायावर हात ठेवून ती सोडली होती, आणि तेव्हापासून थेंब घेतला नव्हता. हे सगळ्यात चांगलं मला ठाऊक होतं. सकाळी सायकलवर मी बरोबर, दुपारी डब्याला मी बरोबर, संध्याकाळी त्याला घरी पोचवणारा मी.

आबांनी त्याच्या तोंडाचा वास घ्यायला नाक पुढे केलं, पण कारखान्यात थिनरच्या वासापुढे दुसरा वास येतोय कुठे. ते माझ्याकडे वळले.

‘हरेश्वर, हा पुन्हा घ्यायला लागलाय का?’

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. म्हणजे तोंड माझ्याकडे होतं. डोळे कुठे होते ते मला कळलं नाही.

‘मी काय सांगू, आबा,’ मी म्हणालो.

‘आणि तू समोर बसतोस ना? तुला हे दिसलं नाही?’

‘दिसलं. पण मित्र आहे. सांभाळून घेत होतो.’

आबांच्या डोळ्यांत माझ्याविषयी माया आली. ती मी स्वतः बघितली. त्यांनी काशिनाथला घरी जायला सांगितलं, उतरली की ये म्हणाले, आणि त्याचा कुंचला धुऊन माझ्या हातात दिला. दोन माणसांनी काशिनाथला धरून नेलं. मी दारापर्यंतही गेलो नाही. मी पाटावर बसलो आणि आखणीला लागलो.

त्या दुपारी मी चाळीस मूर्तींचे डोळे केले. समोर आबा स्वतः बसले होते. ‘बघतो,’ म्हणायचे, ‘बघतो.’ पाय काही त्यांनी जवळ घेतले नाहीत, पण मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मी सुखात होतो.

रविवारी सकाळी काशिनाथची बायको, वत्सलावहिनी, आबांच्या दारात आली. चहा दिला तर तो नाकातून परत येतोय, म्हणाली. उभं राहता येत नाही. आबा तसे दयाळू. त्यांनी जीप काढली आणि त्याला तालुक्याच्या पलीकडे एका खासगी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आबांनी त्यांना जे खरं वाटत होतं ते सांगितलं: पितो, मध्ये सोडली होती, आता पुन्हा धरली. दारूने असं होऊ शकतं, नसांना जीवनसत्त्व कमी पडतं, डोळे फिरतात, तोल जातो, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सलाइन लावलं. आबा संध्याकाळी परत येऊन म्हणाले, दोन-चार दिवसांत होईल सरळ.

सोमवारी आबांनी मला बरोबर घेतलं. मला जायचं नव्हतं. कामं पडलीत म्हणालो. ते म्हणाले, ‘तुझा मित्र आहे तो.’

इस्पितळात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वत्सलावहिनीला व्हरांड्यात उभं करून पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली होती. वहिनी एकच सांगत होती, ‘ते नाय पीत, बाई. पोरांची शपथ नाय पीत.’ कधीपासून झालं, तर म्हणे शनिवारपासून. त्याआधी? त्याआधी रोज कामावर जात होते, चांगलं काम करत होते, भावोजींनाच विचारा.

‘घरच्यांना सगळं कळतं असं नाही,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘कामावर कोण असतं यांच्याबरोबर?’

वहिनीने माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं. आबांच्या बघण्यात शाबासकी होती अजून. मी म्हणालो, आलोच, आणि बाहेर चहाच्या टपरीवर गेलो.

तिथे मी दोन कप चहा प्यायलो. माझ्यापुढे सरळ हिशेब होता. गप्प राहिलो तर कुंचला माझा. बोललो तर एका वाक्यात मी दोनदा खोटा ठरणार होतो, दारूबद्दल आणि डोळ्यांबद्दल, आणि तेही आबांच्या समोर. बरं, डॉक्टर आहेत, औषध चालू आहे, माझ्या सांगण्याने काय असा फरक पडणार होता? ही शेवटची गोष्ट मी स्वतःला तीन-चार वेळा समजावली. मग चहा संपला.

आत गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई काशिनाथच्या खाटेशी होत्या. त्या त्याला सांगत होत्या, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा, जमतील तेवढे. काशिनाथ मोजू लागला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. पाच, सहा, सात. मग नुसते ओठ हलले.

‘सकाळी पंधरापर्यंत गेले होते,’ डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या.

त्यांनी त्याच्या पापण्या वर उचलल्या आणि बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. बुबुळं जागची हलली नाहीत. मी इतके डोळे बघितलेत आयुष्यात, पण हलायला हवेत असे डोळे न हलताना तेव्हा पहिल्यांदा बघितले. मातीच्या डोळ्यांचं ठीक आहे. हा माणूस माझ्या सायकलवर बसून आला होता.

‘तो पीत नाही,’ मी म्हणालो.

सगळे वळले.

‘चार वर्षं थेंब नाही. मी रोज बरोबर असतो. आणि हे शनिवारचं नाही. मागच्या सोमवारपासूनचं आहे. आधी डोळे गेले. मग गुरुवारपासून चाल. बोलणं शनिवारी.’

‘तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?’

‘मी समोर बसलो होतो,’ मी म्हणालो. ‘मला पहिल्या मूर्तीलाच दिसलं होतं.’

आबांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. डॉक्टरीणबाईंना मूर्तींचं काही कळलं नसावं, पण त्यांनी लगेच विचारलं, त्याआधी ताप, खोकला, सर्दी काही? मी म्हणालो, सगळ्या कारखान्याला होता, याला आठ दिवस. त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारून बघितली. पाय निपचित. मग त्या भराभर बोलू लागल्या. अशा तापानंतर कधी कधी शरीर जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं. डोळ्यांच्या नसांपासून सुरू होतं, तोल जातो, बहुतेक जण आपोआप बरे होतात, पण काहींचं छातीपर्यंत पोचतं आणि मग श्वास थांबतो. यांचं पोचलंय. इथे यंत्र नाही. आत्ताच्या आत्ता मुंबईला न्यायचं.

‘कालच का नाही सांगितलं कोणी?’ त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नव्हतं ते. पण मला लागायचं तिथे लागलं.

इस्पितळाच्या गाडीत काशिनाथबरोबर वत्सलावहिनी आणि एक नर्स चढली. पनवेलच्या पुढे गेल्यावर त्याचा श्वास पुरेना, नर्स पिशवी दाबून दाबून हवा देत होती, असं वहिनीने नंतर सांगितलं. त्याच दुपारी त्याला यंत्रावर घातला. एक दिवस आणखी वाट बघितली असती तर त्या इस्पितळात सलाइनसकट गेला असता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आबा नि मी दोघेच. कारखाना दिसू लागला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

‘चतुर्थीपर्यंत डोळे तू कर. लोकांच्या घरी देव जायचा आहे. त्यानंतर येऊ नकोस.’

मी केले. मागच्या खोलीतल्या सगळ्या चुकलेल्या मूर्ती पुसून पुन्हा केल्या, नव्या केल्या. रोज सकाळी कुंचला हातात घेतला की हात पहिल्यांदा आनंदाने उचलला जायचा आणि मग आठवायचं. तरी उचलला जायचाच. माणूस किती कोडगा असतो ते मी त्या महिन्यात माझ्यावरून शिकलो. कोणाचा गणपती परत आला नाही, पण ‘आखणी कोणाची?’ असंही कोणी विचारलं नाही.

काशिनाथ तेवीस दिवस यंत्रावर होता. घशाला भोक पाडून नळी घातली होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याला घरी आणलं. पाडव्यापर्यंत मी कसाबसा थांबलो आणि मग गेलो.

तो ओट्यावर खुर्चीत बसला होता. अर्धा झाला होता. गळ्यावर पांढरी पट्टी होती, आणि बोलायचं झालं की तो तिच्यावर बोट दाबायचा, नाहीतर हवा तिथूनच जायची. डोळे मात्र फिरत होते. उजवीकडे, डावीकडे, दोन्ही बरोबर. मी सगळ्यात आधी तेच बघितलं.

वहिनी चहा टाकायला आत गेली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. सोमवारपासून मला दिसत होतं. मुद्दाम ‘बघतो’ म्हणत होतो. आबांनी दारूचं विचारलं तेव्हा तू पीत नाहीस हे ठाऊक असून गप्प राहिलो. इस्पितळातही आधी चहा प्यायला गेलो. का, तर तुझा कुंचला मला हवा होता. आठ वर्षं हवा होता. त्याने मला जोडा काढून मारावं, एवढंच माझं मागणं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग बोट गळ्याला लावलं.

‘मला कळलं होतं,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘सोमवारीच कळलं. एका गणपतीचे दोन दिसत होते. एक डोळा मिटला की एक व्हायचा. मी काय खुळा आहे, न कळायला?’ दम घेऊन तो पुढे म्हणाला, ‘डोळे वाकडे जातायत हेही कळत होतं. तू खोटं बोलतोस हेही.’

‘मग बोलला का नाहीस? आबांना सांगायचं, सुट्टी घ्यायची, डॉक्टरकडे जायचं—’

‘आबांनी कुंचला कोणाला दिला असता?’

मी ओट्याच्या खांबाला टेकलो.

‘तू समोर बसायचास ना,’ तो म्हणाला, ‘तेव्हा मला रोज वाटायचं, हा शिकतोय. माझ्याकडूनच बघून बघून शिकतोय. एक दिवस मी आजारी पडेन नि हा बसेल. आठ वर्षं मला तेच वाटतंय. ताप अंगात असताना मी कामावर आलो ते तुझ्या भीतीने.’ त्याने बोट काढलं, हवा आत जाऊ दिली, पुन्हा लावलं. ‘तुझं ते “बघतो” मला हवंच होतं, हरेश्वर. मेलो असतो तरी चाललं असतं. तुला द्यायचा नव्हता.’

मला रडू यायला हवं होतं. लाज वाटायला हवी होती, आणि ती पुढे वाटली, अजूनही वाटते. पण त्या घटकेला माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ज्याच्या हाताची सर आपल्याला जन्मात येणार नाही असं मी धरून चाललो होतो, तो काशिनाथ घरत आठ वर्षं मला घाबरत होता. मला इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. हसू आवरेना, खांदे हलू लागले. वत्सलावहिनी चहा घेऊन बाहेर आली आणि तिला वाटलं, मी रडतोय. तिने कप खाली ठेवले, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘असू द्या भावोजी. तुम्ही बोललात म्हणून ते वाचले.’